दहा लिटरांचा हिशेब

दर महिन्याच्या अखेरीस धर्मग्रामाचा जमाखर्च लिहिताना एक आकडा मला सलू लागला होता. चर्चच्या गाडीने महिन्याकाठी सुमारे तीनशे किलोमीटर धावावे आणि तिला पंचवीस लिटर पेट्रोल लागावे, असा आमचा जुना अनुभव. २०२४ च्या पावसाळ्यानंतर हिशेब नीट पाहिला, तेव्हा तेवढ्याच अंतराला पस्तीस लिटर लागत असल्याचे लक्षात आले. मी वहीच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवले : ‘दहा लिटर गेले कुठे?’

आज तो समास उघडला की मला त्या प्रश्नाचीच लाज वाटते. प्रश्न साधा दिसतो; पण त्याचे उत्तर त्याच्या शब्दांतच दडलेले होते. ‘गेले’ म्हटले की नेणारा आलाच. ‘हे पेट्रोल जळाले कसे?’ असे मी विचारले असते, तर माझी नजर इंजिनाकडे वळली असती. ‘गेले कुठे?’ असे विचारल्यामुळे ती एका माणसाकडे वळली. पुढे जे घडले ते सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. त्यात यंत्राची माहिती थोडी अधिक येईल. परंतु वाचकांनी ती सहन करावी, कारण माझी चूक त्या माहितीवाचून कळणार नाही.

प्रथम गाडीविषयी. धर्मगुरूच्या दारात शोभावी अशी ती गाडी नाही, हे मीच आधी कबूल करतो. होंडा सिटी हे नाव भारतात १९९८ साली आले. या शतकाच्या आरंभी तिची एक जोरकस आवृत्ती निघाली. १४९३ सीसीचे इंजिन आणि १०६ अश्वशक्ती. त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर ही ताकद थोडी नव्हती, आणि वेगाची आवड असलेले तरुण आजही तिचे नाव आदराने घेतात. तिच्या इंजिनाला व्हीटेक म्हणतात. हे तंत्र होंडाने १९८९ मध्ये जपानमध्ये प्रथम बाजारात आणले. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर सौम्य आणि उंच असे दोन प्रकारचे उंचवटे असतात. गाडी सावकाश चालली असता सौम्य उंचवटे काम करतात. इंजिनाचे फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खिळी सरकते आणि उंच उंचवटा कारभार हाती घेतो. मग इंजिन अधिक हवा आणि अधिक पेट्रोल ओढून घेते आणि गाडी एकाएकी उसळते. एकाच देहात दोन स्वभाव वसावेत तसा हा प्रकार आहे. कोणता स्वभाव जागा करायचा, हे चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर अवलंबून असते.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब २०१८ मध्ये कॅनडाला स्थायिक होण्यास निघाले. जाताना त्यांनी ही गाडी चर्चला दिली. “फादर, रात्री-अपरात्री आजाऱ्यांकडे जायला उपयोगी पडेल,” असे ते गृहस्थ म्हणाले. लिटरला बारा किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देते, हेही त्यांनीच सांगितले. त्यांच्या मुलाने हौसेने तिला रुंद टायर बसवले होते. ते तसेच राहिले.

गाडी चालवायला धर्मग्रामातलाच एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण येत असे. वडील नाहीत, घरी आई आणि धाकटी बहीण. आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला मला घेऊन जाणे, धर्मभगिनींना स्टेशनवर सोडणे, सणासुदीला मेणबत्त्या आणि फुले आणणे ही त्याची कामे. पेट्रोलसाठी मी त्याच्या हाती रोख पैसे देई. तो पंपावरची पावती आणून टेबलावर ठेवी. पाच वर्षांत एका रुपयाचाही घोळ झाला नव्हता. तरीही समासातला तो प्रश्न लिहून झाल्यावर माझ्या मनात पहिले नाव आले ते त्याचेच.

मी त्याला काहीही बोललो नाही. मला ते सौजन्य वाटले. बोलण्याऐवजी मी पाहू लागलो. रात्री गाडी उभी केल्यावर किलोमीटरचा आकडा गुपचूप टिपून ठेवू लागलो. पेट्रोल भरायला तो निघाला की काहीतरी निमित्त काढून सोबत जाऊ लागलो. एके रात्री तर एका कागदावर पेट्रोलच्या काट्याचे चित्र काढून काटा नेमका कुठे आहे त्याची पेन्सिलीने खूण केली आणि सकाळी पडताळण्यासाठी तो कागद डॅशबोर्डाच्या खणात ठेवला. सकाळच्या मिस्सेनंतर मला त्याचा विसर पडला. तो त्या मुलाच्या हाती लागला.

दुसऱ्या दिवशी गाडीची किल्ली सॅक्रिस्टीतल्या टेबलावर होती. खाली तोच कागद घडी करून ठेवलेला होता. त्यावर त्याने एक अक्षरही लिहिले नव्हते.

मी स्वतःची समजूत घातली की मी तर त्याच्यावर आरोप केलाच नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या माणसाला ही समजूत फार काळ पुरत नाही. कॅथोलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवरणात अविचारी निवाड्याचा दोष सांगितला आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याच्या ठायी नैतिक दोष आहे असे जो धरून चालतो तो दोषी. आणि ते त्याने मुकाट्याने, मनातल्या मनात धरले असले तरीही दोषी, असा त्याचा आशय आहे. या ‘मुकाट्याने’मध्ये माझी पेन्सिलीची खूण अचूक बसत होती.

किल्ली परत आल्यावर दुसरा चालक मिळेना, म्हणून महिनाभर मीच गाडी चालवली. पेट्रोलही मीच भरले. महिन्याच्या शेवटी हिशेब मांडला. लिटरला सव्वाआठ. त्या मुलाच्या हाती ती साडेआठ देत होती. म्हणजे माझ्या पायाखाली गाडी अधिकच प्यायली होती, आणि का ते मला ठाऊक होते. हायवेवर एकटा असताना तो दुसरा स्वभाव जागा करण्याचा मोह मला दोन-चारदा आवरला नव्हता.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. कार्यकारणभाव शोधण्याच्या ज्या पद्धती त्याने त्यात मांडल्या, त्यांपैकी एक अगदी घरगुती आहे : बाकी सर्व गोष्टी जशाच्या तशा ठेवा, फक्त एक बदला, आणि परिणाम बदलतो का ते पाहा. आम्ही विद्यार्थी असताना ही पद्धत पाठ केली होती. चालक बदलला, गाडी आणि रस्ते तेच राहिले, पेट्रोल लागतच राहिले. म्हणजे कारण चालकात नव्हते. ही परीक्षा मला आठवडाभरात घेता आली असती. किल्ली मागून घेऊन “या आठवड्यात मी चालवून पाहतो” एवढेच म्हणायचे होते. मी ती घेतली नाही. एका निरपराध मुलाने काम सोडले म्हणून ती आपोआप घडली.

आता गाडीकडे वळणे भाग होते. पहिल्या गॅरेजात त्यांनी काहीही न मोजता प्लग आणि एअर फिल्टर बदलले आणि ऑक्सिजन सेन्सरही बदलावा असे सुचवले. मी पैसे दिले. अ‍ॅव्हरेज होते तेथेच राहिले. पुढे वाचनात आले की, अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याच गोष्टीची चाचणी घेतली होती. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत तुंबलेला फिल्टर पेट्रोल वाढवत असे. परंतु इंजेक्शनच्या गाड्यांत संगणक हवेच्या मानानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे मळक्या फिल्टरने गाडीचा जोर कमी होतो, अ‍ॅव्हरेजवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे आणि अंदाजाने माणसावर संशय घेणे यांत एक साम्य आहे. दोन्हींत काहीतरी केल्याचे समाधान चटकन मिळते.

शेवटी हायवेच्या कडेला एका वयस्कर मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारले, “फादर, अ‍ॅव्हरेज काढलंत कसं?”

“काट्यावरून आणि पावत्यांवरून,” मी म्हणालो.

“मग ते अ‍ॅव्हरेज नव्हे. काटा अंदाज सांगतो.”

त्यांनी रीत सांगितली. एकाच पंपावर, एकाच बाजूने टाकी फुल करायची. नळी आपोआप बंद झाली की थांबायचे. किलोमीटर लिहायचे. टाकी बरीचशी रिकामी होईपर्यंत गाडी चालवायची आणि पुन्हा तशीच फुल करायची. असे तीनदा. नळी एखाद्या वेळी अर्धा लिटर आधी बंद होते, एखाद्या वेळी नंतर. दहाच लिटर भरले असतील तर त्या अर्ध्या लिटराने हिशेब शेकडा पाचने चुकतो. तीस लिटर भरले तर चूक दोन टक्क्यांच्या आत येते. ज्या पेन्सिलीच्या खुणेवर मी एका मुलाची सचोटी जोखू पाहत होतो, ती खूण किती लिटरांनी चुकू शकते हे मी स्वतःला विचारलेही नव्हते.

तीन टाक्यांनंतर त्यांनी मला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पाठवले. किलोमीटरचे दगड मोजायचे आणि गाडीचा आकडा पाहायचा. दगडांनी पन्नास किलोमीटर झाले, तेव्हा गाडी साडेअठ्ठेचाळीस दाखवत होती. कारण ते हौशी टायर. मूळच्या टायरपेक्षा ते उंच होते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी अधिक पुढे जाई. गाडीला मात्र फेरे तेवढे मोजता येतात. शंभरातले तीन किलोमीटर धावूनही लिहिले जात नव्हते. चोरीचा काही भाग असा मोजपट्टीतच निघाला.

मग मेस्त्रींनी मला शेजारी बसवून स्वतः वीसेक किलोमीटर गाडी चालवली. उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नेला. मागचे डावे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम होते. जॅक लावून ते हाताने फिरवले, तर अर्ध्या फेऱ्यातच थांबले. हँडब्रेकची केबल खाऱ्या हवेने गंजून आत अडकली होती; हँडब्रेक सोडला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. गाडी रात्रंदिवस एक पाय ओढत चालली होती. टायरांतली हवाही हवी त्यापेक्षा बरीच कमी होती. ती तपासायला काहीच खर्च नसतो, म्हणूनच बहुधा ती कुणी तपासत नाही.

“आता मुख्य,” मेस्त्री म्हणाले. त्यांनी प्लग काढून दाखवले. नवे घालून दोन महिने झाले नव्हते, तरी त्यांवर कोरडी काळी काजळी चढली होती. याचा अर्थ इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थंड गाडी चालू करून मला रेडिएटरवर हात ठेवायला सांगितले. इंजिन तापेपर्यंत रेडिएटर थंडच राहायला हवा. आमचा पहिल्या काही मिनिटांतच कोमट होऊ लागला. त्यांनी थर्मोस्टॅटचे झाकण उघडले. आत काहीही नव्हते.

थर्मोस्टॅट ही लहानशी वस्तू इंजिनाची द्वारपाल असते. इंजिन गार असताना ती रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून इंजिन लवकर गरम होते. पुरेसे गरम झाले की वाट उघडते. ती काढून टाकली की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहते आणि इंजिन धड तापतच नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा संगणक इंजिन तापेपर्यंत जादा पेट्रोल सोडतो. आमच्या गाडीत ते ‘तापेपर्यंत’ कधी संपतच नव्हते. त्यातून आमचे फेरे दोन-तीन किलोमीटरचे.

“यात कॉम्प्युटरची चूक नाही,” मेस्त्री म्हणाले. “सेन्सर सांगतो, गाडी थंड आहे. ते खरंच आहे. कॉम्प्युटर ऐकतो आणि पेट्रोल देतो. तो त्याचं काम करतो.”

मी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिले. सेन्सर खरे बोलत होता. संगणक आज्ञा पाळत होता. पावत्या खऱ्या होत्या. मुलगा प्रामाणिक होता. या सगळ्या साखळीत खोटा कुणीच नव्हता, आणि तरी महिन्याला दहा लिटरांची तूट येत होती. नुकसान झाले म्हणजे कुणीतरी लबाडी केलीच असली पाहिजे, ही माझी समजूतच मुळात चुकीची होती.

“हा काढला कोणी?” मेस्त्रींनी विचारले.

तेव्हा मला आठवले. २०२३ चा मे महिना. एका अंत्यविधीला निघालो असता गर्दीत गाडी तापली. जवळच्या गॅरेजातल्या माणसाने सांगितले, “थर्मोस्टॅट काढून टाकू, फादर, पुन्हा तापायचीच नाही.” आपल्याकडे हा उपाय सर्रास केला जातो. मी घड्याळाकडे पाहत म्हणालो, “काढा.” मेस्त्री म्हणाले की त्या वेळी रेडिएटरचा पंखा पाहायला हवा होता. त्यांनी तो तपासला. तो खरोखरच अडखळत होता. म्हणजे मूळ दुखणे तसेच राहिले आणि त्याच्यावर पांघरूण घातले गेले ते माझ्या होकाराने. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. कळसा माझ्याच काखेत होता.

थर्मोस्टॅट बसवला, पंखा आणि केबल बदलली, टायरांत हवा भरली. पुन्हा तीन टाक्या मोजल्या. अ‍ॅव्हरेज पावणेअकरा निघाले. बारा मात्र परत आले नाही, आणि ते येणारही नव्हते. एक तर त्या गृहस्थांची गाडी रोज हायवेने कचेरीत जात असे. आमची गल्लीबोळांतून फिरते. दुसरे म्हणजे पेट्रोलच बदलले आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. जुन्या घडणीच्या मोटारींचे अ‍ॅव्हरेज यामुळे सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिलेला होता. ही घट कोणताही मेस्त्री भरून काढू शकत नाही, आणि तिचा दोष गाडीलाही देता येत नाही. तुटीतला काही भाग दुरुस्त होणारा होता, काही परिस्थितीचा होता आणि काही निव्वळ चुकीच्या तुलनेचा होता. मी मात्र ती सगळी तूट एका मुलाच्या खात्यावर मांडून मोकळा झालो होतो.

त्या दिवसांत मी संत थॉमस अक्वायनस यांचे न्यायावरचे प्रकरण पुन्हा काढून वाचले. माणसाच्या मनात संशय कोठून येतो, याची तीन कारणे ते सांगतात. एक, संशय घेणारा स्वतःच वाईट असतो आणि आपल्यावरून इतरांना जोखतो. दोन, समोरच्याबद्दल त्याच्या मनात आधीच अढी असते. तीन, दीर्घ अनुभव. म्हणूनच वृद्ध माणसे अधिक संशयी असतात, असे ते ॲरिस्टॉटलचा हवाला देऊन म्हणतात. मी स्वतःला पहिल्या दोन कारणांतून सोडवले आणि तिसऱ्याच्या आड लपू पाहिले. तीस वर्षे धर्मग्राम सांभाळताना मी पैशाच्या अफरातफरी पाहिल्या आहेत. पण दुसऱ्या कारणातून मी खरोखर सुटतो का? तो मुलगा गरीब होता. हीच गाडी एखाद्या सुखवस्तू घरातला तरुण सेवाभावाने चालवत असता, तर मी आधी मेस्त्रींकडे गेलो नसतो का? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते लिहायला जड जाते. गरिबाला गरज असते, म्हणून त्याने घेतले असेल, हा तर्क आपल्या घराघरांत चालतो. घरकाम करणाऱ्या बाईविषयी, वाडीत राबणाऱ्या मजुराविषयी, चर्चच्या चालकाविषयी. गरज हा पुरावा आहे असे आपण कधी ठरवले, हे आपल्याला आठवतही नाही.

त्याच प्रकरणात अक्वायनस एक भेद करतात आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. वस्तूंविषयीचा निवाडा वेगळा आणि माणसांविषयीचा वेगळा. वस्तूविषयी आपण चुकीचे मत बनवले तरी वस्तूचे काही बिघडत नाही. तेथे सत्य काय एवढेच पाहायचे. माणसाविषयीच्या निवाड्यात मात्र ज्याच्याविषयी निवाडा होतो त्याचे बरेवाईट गुंतलेले असते. म्हणून उघड पुरावा नसेल तेथे त्याच्याविषयी चांगलेच गृहीत धरावे. असे करताना आपण पुष्कळदा फसू; तरी वाईट माणसाला चांगले मानून वारंवार फसणे हे चांगल्या माणसाला वाईट मानून क्वचित चुकण्यापेक्षा बरे, असे ते सांगतात.

माझ्या प्रकरणाला हा भेद लावून पाहा. थर्मोस्टॅटवर, टायरवर, ब्रेकवर, पंपाच्या नळीवर मी कितीही संशय घेतला असता तरी त्यांना इजा झाली नसती. वस्तूंवर हवा तेवढा संशय घ्यावा. शोधाची सुरुवातच त्यातून होते. मी उलटे केले. जेथे संशय फुकट होता तेथे तो घेतला नाही, आणि जेथे त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागणार होती तेथे घेतला. मला त्यात काही कष्ट नव्हते, हेच त्याचे आकर्षण होते. यंत्र तपासायला वेळ लागतो, हात काळे होतात, पैसे जातात. माणसाला दोषी धरायला खुर्चीतून उठावेही लागत नाही.

येथे कुणी विचारील, पेट्रोलची चोरी होत नाही का? होते. मग चर्चच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याने डोळे मिटून बसावे का? मुळीच नाही. पण हिशेब तपासणे आणि पाळत ठेवणे यांत फरक आहे. गाडीत एक वही ठेवावी. जो कुणी चालवील, मग तो धर्मगुरू असो की चालक, त्याने किलोमीटर आणि लिटर लिहून सही करावी. तूट दिसली तर सर्वांसमक्ष म्हणावे, “गाडी जास्त पेट्रोल घेते आहे, शोधू या.” या ‘शोधू या’मध्ये तो मुलगा माझा सोबती झाला असता. पेन्सिलीच्या खुणेने मी त्याला आरोपी केले, आणि तेही त्याला बचावाची संधी न देता.

आता भरपाईचा प्रश्न. मनातल्या मनात घेतलेल्या संशयाची भरपाई कशी करायची, यावर नीतिशास्त्राचे अध्यापक सावधगिरीचा सल्ला देतात. ज्याला आपला संशय कळलेलाच नाही, त्याच्याकडे जाऊन तो सांगणे म्हणजे त्याला नवी जखम करणे होय. माझी गोष्ट तशी नव्हती. त्याला कळले होते. शिवाय आणखी एकाला कळले होते. हिशेब दाखवताना मी धर्मग्राम समितीतील एका सभासदाला म्हणालो होतो, “पेट्रोल हल्ली जरा जास्तच लागतंय.” वाक्य निर्दोष होते, पण ते म्हणताना मी भुवया उंचावल्या होत्या. खोट्या साक्षीला शब्द लागतातच असे नाही.

म्हणून प्रथम त्या सभासदाकडे गेलो आणि सारे सांगितले. “अहो फादर, मी कुणापाशी बोललो नाही,” ते म्हणाले. ते खरे असेलही. पण आठवडाभरानंतर एका म्हातारीने मला विचारले, “फादर, पोराला काढलंत ते पेट्रोलवरून ना?” बोलणे कुठून कुठे गेले याचा माग घेण्याच्या फंदात मी पडलो नाही, तसला माग मी एकदा घेतला होता. जेथे समितीसमोर वर्षाचा जमाखर्च वाचला जातो, त्या सभेत मी एक टीप जोडून वाचली : ‘पेट्रोलवरील जादा खर्च गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकल्यामुळे व इतर बिघाडांमुळे झाला. थर्मोस्टॅट काढण्यास मी संमती दिली होती. चालकाचा यात कोणताही दोष नाही.’ टीप वहीत आहे. कुणालाही पाहता येईल.

त्यानंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. खरे तर आधी तेथेच जायला हवे होते. धीर झाला नाही. तो आता एका गोदामाचा टेम्पो चालवतो. आईने चहा ठेवला. मी कागदाविषयी बोललो, क्षमा मागितली. तो खाली पाहत राहिला. मग त्याने विचारले, “फादर, गाडीचं शेवटी निघालं काय?”

मी सांगितले. थर्मोस्टॅटचे नाव ऐकताच त्याने मान वर केली.

“मी सांगितलं होतं तुम्हाला. पहिल्याच पावसाळ्यात. काटा वर येतच नाही म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, बरंच आहे की, गाडी थंड राहते.”

मला ते आठवत नव्हते. त्याने सांगितल्यावर आठवले. आजाऱ्याकडून परतताना, पावसात, त्याने तापमानाच्या काट्याकडे बोट दाखवले होते आणि मी हसून विषय संपवला होता. गाडीचा रोग त्याने वर्षभर आधी ओळखला होता. ज्याच्यावर मी पाळत ठेवली, त्याच्याच जवळ उत्तर होते, आणि ते त्याने न विचारता दिले होते.

तो चर्चच्या कामावर परत आला नाही. मीही आग्रह केला नाही. गोदामात पगार बरा मिळतो. निघताना तो गाडीपर्यंत आला, दार उघडून आत वाकला, किल्ली फिरवली आणि काटा वर चढेपर्यंत उभा राहिला. काटा मध्यावर येऊन थांबला, तेव्हा म्हणाला, “आता बरोबर आहे.”

गाडीत आता वही आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिली सही माझी आहे.